कोट काढल्याशिवाय मिठी नाही

आल्डर फ्लॅट,
१२ एप्रिल १९८१

चि. वेसला, ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं स्टॉकटनचं कार्ड पोचलं. पुढे पुलाचं चित्र, मागे तीन ओळी, आणि त्यातल्या दोन पुलाबद्दलच. तिसऱ्या ओळीत तू बरा आहेस असं लिहिलंयस, ते खरं धरते.

इकडची बातमी अशी. बर्टची पाठ सुधारली, लाकडाचा ट्रक पुन्हा चालवायला लागलाय. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते तिथेच आहे. वाटेत भेटणारं प्रत्येक माणूस मान कलती करून विचारतं, कशी आहेस ग लोरीन. मी म्हणते बरी आहे. आणि गंमत म्हणजे मी बरीच आहे. फेब्रुवारीत आपल्या कोरीनवर ती फांदी पडली त्या दिवसापासून मी नीट रडलेसुद्धा नाही. भांडी घासते, जेवते, झोपते. कुणीतरी माझ्या जागी माझी कामं करून जातंय असं वाटतं, आणि चांगली करतंय, म्हणून मी काही बोलत नाही.

कोरीनची टॅन्सीही तशीच. आई गेल्यावर सहा वर्षांच्या पोरीने आकांत करायला हवा होता, पण ती आमच्याकडे आली, मागची खोली घेतली आणि कामाला लागली. अंथरूण स्वतः घालते. उशीचा अभ्रासुद्धा स्वतः चढवते, मला हात लावू देत नाही. मी बर्टला म्हटलं, बघ, आपल्याला एवढी शहाणी पोर आयती मिळाली. तो म्हणाला, हं.

आता मुद्द्याचं. तिच्या अंगावर तिपानी उठलीय. त्या तीन पानांच्या झुडपाचीच, पॉयझन ओकची, शंकाच नाही, ते पाणी भरलेले फोड आणि रेघोट्या मी ओळखते. डावा गाल, मान आणि दोन्ही हात आतल्या बाजूने. एकदा उठली, पंधरा-वीस दिवसांनी बसली, आणि आता पुन्हा उठलीय. आपल्या घरात आजवर कुणाला हा त्रास झाला नाही. कोरीन तर सगळा दिवस त्या झुडपांतच कोयता चालवायची आणि तिच्या अंगावर एक पुटकुळी नाही. तूही लहानपणी पानं शर्टात कोंबून मुलींच्या मागे धावायचास. मग हिलाच का? बापाकडून आलं असणार.

बापावरून आठवलं. क्ले अलास्कातच आहे, त्याला पोरीचं काही देणंघेणं नाही. पण त्याच्या आईला आहे. एल्कोच्या व्हर्नेटाबाईंचं पत्र आलंय की मे महिन्यात नातीला बघायला येते. नुसतं बघायला नाही, हे तुला-मला दोघांनाही कळतं. पोर नेमकी अशी सुजलेली दिसली तर त्या म्हणतील, मावशीच्याने सांभाळ होत नाही.

तू दहा ठिकाणी फिरतोस, दहा म्हाताऱ्यांशी गप्पा मारतोस. कुणाला घरगुती काही माहीत असेल तर विचारून कळव. दवाखान्याचं गुलाबी औषध लावतेच आहे.

जाता जाता, कोरीनचे कपडे चर्चला देऊन टाकले. कामाचा कॅनव्हासचा कोट मात्र सापडला नाही. त्या दिवशी ऊन होतं म्हणून तिने तो गाडीतच ठेवला होता, आणि तिच्या रान साफ करणाऱ्या टोळीतल्या बायकांनी डब्यासोबत आणून दिला होता, एवढं आठवतं. मग कुठे गेला कुणास ठाऊक. जाऊ दे, जुनाच होता.

जेवत जा. पुलाबद्दल कमी लिही.
तुझी,
लोरीनताई


ट्रेसीजवळ, शतावरीच्या शेतावरून,
२९ एप्रिल

ती. सौ. ताईस, वेसचा सा. न. वि. वि.
(साष्टांग मनातल्या मनात घे. इथे खाली चिखल आहे आणि पँट एकच धुतलेली.)

पत्र पोस्टमास्तरणीने दिलं. बाई फार गोड आहे. तिच्याकडे एक पोपट आहे, तो पाकिटाला थुंकी लावायला जीभ बाहेर काढतो म्हणे. मी अर्धा तास थांबलो पण त्याने काही काढली नाही. तर ते असो.

तिपानीबद्दल मी जो भेटेल त्याला विचारत सुटलो. एक सांगतो ताई, कॅलिफोर्नियात तुम्ही माणसाला देवाबद्दल विचारा, तो विचार करून बोलेल. तिपानीबद्दल विचारा, बाही वर करूनच सुरू होतो. आमचा मुकादम म्हणतो, ओटचं पीठ जुन्या मोज्यात भरायचं, मोजा कोमट पाण्यात पिळत राहायचा आणि पोराला त्या दुधट पाण्यात बसवायचं. गरम पाणी नको, गरम पाण्याने क्षणभर स्वर्ग आणि मग रात्रभर नरक. त्याची बायको तिथेच उभी होती, ती म्हणाली ह्यांचं ऐकू नका, हे मोज्यासकट बसतात. ती खायचा सोडा थंड पाण्यात कालवून लेप देते. स्वयंपाकी म्हणतो कोरा चहा कडक उकळून गार करायचा आणि त्यात फडकं भिजवून ठेवायचं. त्याने तो चहा आम्हाला सकाळी दिला असावा असा माझा संशय आहे.

मग उकायाहून आलेली एक आजी भेटली. ती म्हणते की जिथे तिपानी उगवते तिथेच आसपास रानदवणा उगवतो, त्याचा पाला चुरगाळून रस लावावा. मँझनिटाच्या झुडपाची पानं उकळून गार केलेलं पाणीही चालतं म्हणाली. तिचा हात माझ्या हातापेक्षा गुळगुळीत होता, म्हणून तिच्यावर माझा विश्वास बसला. तिच्या नातवाकडे मोटरसायकल आहे, तिचा आवाज असा येतो की... नको, तो विषय लांबेल.

आणखी एक म्हातारा आहे, तो म्हणतो दर वसंतात तिपानीचं कोवळं एक पान खायचं, मग जन्मभर उठत नाही. ताई, हे तू करू नकोस. गंमत म्हणून सांगतोय. त्याचा आवाज बेडकासारखा का आहे ते मला नंतर कळलं.

सगळ्यांचं एकमत एकाच गोष्टीवर: झुडपाचं तेल अंगाला लागलं की लगेच साबणाने, थंड पाण्याने धुवायचं. एकदा उठल्यावर सगळे उपाय नुसते खाज मारायचे.

मी कसा आहे विचारलं नाहीस, तरी सांगतो. सकाळी शतावरी कापतो. कापायला वाकलं की डोक्यात काहीच राहत नाही, आणि उभं राहिलं तरी काही येत नाही. परवा सुरीने अंगठा कापला तर मुकादमाने ओरडून सांगितलं, तेव्हा खाली बघितलं. कोरीनच्या क्रियेच्या दुसऱ्या दिवशी मी निघून आलो ते चांगलं केलं की वाईट, ते मला अजून ठरवता येत नाही. ठरवायला काहीतरी वाटावं लागतं.

टॅन्सीला सांग, मामाने पोपट पाहिला.
लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायची घाई नाही.
तुझा,
वेस


आल्डर फ्लॅट,
२४ मे

चि. वेसला, अनेक आशीर्वाद.

तुझे उपाय सगळे केले, पान खायचा सोडून. तो कागदावर लिहिलास तेव्हा तुझं डोकं ठिकाणावर होतं का? पत्र बर्टच्या हाती लागलं असतं तर तो तुला शोधत आला असता.

ओटच्या पाण्यात टॅन्सी रोज बसते. खाज तेवढ्यापुरती कमी होते, हे मुकादमाला सांग. सोड्याचा लेप वाळला की भिंतीवरचा पोपडा पडावा तसा घरभर पडतो. चहाची फडकी तिला आवडली, कारण गालावर ठेवून गप्प पडून राहता येतं. शेजारच्या ग्लेनाने मला न विचारता फुटलेल्या फोडांवर व्हिनेगर ओतलं. पोरीने हुं की चूं केलं नाही. नुसती ग्लेनाकडे बघत राहिली. ग्लेना घाबरून घरी गेली. रानदवणा ओढ्याकाठी मिळाला, त्याने जरा बरं वाटलं असं ती म्हणाली, पण मला वाटतं ती माझ्यासाठी म्हणाली. नखं कापून ठेवते, झोपताना हातात मोजे घालते.

बसते आणि पुन्हा उठते, वेस. बर्टने कुंपणाच्या आतलं एकूणएक झुडूप मुळासकट काढलं. मला वाटलं मांजर अंगावर आणत असेल, म्हणून मांजराला साबणाने धुतलं. ते कसं झालं त्याची खूण माझ्या दंडावर आहे. मांजर अजून माझ्याशी बोलत नाही. पोरीचे सगळे कपडे, चादरी, पडदे धुतले. पुन्हा उठलीच.

मग डोळा मिटेपर्यंत गाल सुजला, तेव्हा सरळ डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. ते म्हणाले, फोडातल्या पाण्याने हे पसरत नाही, लोकांची ती समजूत खोटी आहे. तेल नव्याने लागतंय, तेव्हाच नव्याने उठतं. मुलांना ते पायांवर उठतं, कारण मुलं झुडपांत पळतात. हिच्या पायांवर एक डाग नाही. गाल आणि हातांची आतली बाजू, हे काय आहे, म्हणाले, ही झाडांना मिठ्या मारते का? मी म्हटलं, ही कुणालाच मिठी मारत नाही.

आणि व्हर्नेटाबाई त्याच आठवड्यात आल्या. काय सांगू. वाईट बाई नाही ती. पांढरे हातमोजे घालून गाडी चालवते, एवढंच. पोरीचा गाल बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि शांतपणे म्हणाली की आमच्या एल्कोला कोरडं माळरान आहे, शेकडो मैलांत हे झुडूप सापडणार नाही. तिथे राहू दे हिला. मी काही बोलायच्या आत बर्ट म्हणाला, बाई, ही हिच्या आईच्या गावात राहील. त्यावर ती म्हणाली, आई आता कुठल्याच गावात नाही. खरंच होतं.

शेवटी असं ठरलं. जूनअखेर टॅन्सी एल्कोला जाईल. शाळा सुरू होईपर्यंत तिथे अंग स्वच्छ राहिलं, तर तिथेच राहील. मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर नाही म्हणणार होते? पोर इथे राहिली तर तिचा डोळा जाईल अशी मला भीती वाटते, आणि गेली तर काय वाटेल ते मी अजून वाटून घेतलेलं नाही. टॅन्सीला विचारलं, जाशील का. तिने विचारलं, माझी उशी नेता येईल का. मी म्हटलं, ने की.

तू त्या बाजूला जाणार असलास तर पोरीला बघून ये.
तुझी,
लोरीनताई


विनेमक्का, बस थांब्यावरून,
२१ जून

ती. ताईस, शि. सा. न.

घाईत आहे. गाडी यायची आहे, पण इथल्या वेळापत्रकावर कुणी मिशी काढलीय त्यामुळे किती वाजता ते दिसत नाही. रूबी खोऱ्यात गवत कापायला माणसं हवीत असं एका बास्क मेंढपाळाने सांगितलं. त्याच्याकडे दोन कुत्री, एकाचं नाव सोमवार, दुसऱ्याचं त्याने ठेवलंच नाही. एल्को तिथून एक डुलकी काढेपर्यंत येतं. तेव्हा मी जाईन, काळजी करू नकोस.

व्हर्नेटाबाईंकडे काय घालून जायचं असतं? माझ्याकडे तोच शर्ट आहे जो मी क्रियेला घातला होता. त्याचं काही वाटत नाही, शर्टच आहे, पण बाहीचं बटण तेव्हाच तुटलं होतं.

इथे खरंच काही उगवत नाही ग. सेजची राखाडी झुडपं आणि वरती आभाळ. पोरीचं अंग इथे नक्की बरं होईल. हे मी तुला लिहायला नको होतं का? लिहून झालं, खोडत नाही.

गाडी आली. ही नव्हे, दुसरी.
वेस


एल्को, नेवाडा,
१४ जुलै

सौ. लोरीनबाईंस, व्हर्नेटा हॅस्केलचा स. न. वि. वि.

आपण दोघीही स्पष्ट बोलणाऱ्या आहोत, म्हणून पाल्हाळ लावत नाही. टॅन्सी येऊन दोन आठवडे होतात तोच तिच्या अंगावर पुन्हा तेच उठलं आहे. तोच गाल, तेच हात. मी शेजारच्या निवृत्त नर्सला दाखवलं, ती म्हणाली हे पॉयझन ओकच दिसतं, पण एल्कोत ते कुठून येणार? तेव्हा पोरीने ते तुमच्याकडूनच अंगात भरून आणलं आहे, असं माझं म्हणणं आहे. नर्सचं म्हणणं तसं नाही. ती म्हणते हे अंगात भरून राहत नसतं. पण तिला निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली.

मी तिला ताकाने पुसते, काकडी किसून लावते, माझ्या आईने माझ्यासाठी तेच केलं होतं. पोर सांगाल तशी बसते, सांगाल ते खाते. थँक यू म्हणते. मला वाटलं होतं मुलं घरात आली की आवाज येतो.

काल उशीचा अभ्रा धुवायला काढला. माझ्या घरात न धुतलेलं फडकंसुद्धा राहत नाही. ती शाळेच्या पटांगणात खेळायला गेली होती म्हणून मला काढता आला, नाहीतर अभ्रा मीच बदलते म्हणून हटून बसते. आत उशी नव्हतीच. एक मळका, तेलकट, मोठ्या माणसाचा कॅनव्हासचा कोट घडी करून कोंबलेला. वास तर असा की मला खिडकी उघडावी लागली. लहान मुलीला असल्या चिंधीवर कुणी कसं झोपू देतं, हे तुम्ही मला समजावून सांगा. शनिवारी आमच्याकडे परसातल्या पिंपात कचरा जाळतात, त्यात तो जाळून टाकीन आणि तिला नवी पिसांची उशी आणीन.

पोरीला सांगितलं. ती जेवली.

कळावे, राग नसावा,
व्हर्नेटा हॅस्केल


रूबी खोरे,
२६ जुलै

ती. ताई,

नमस्कार-चमत्कार नंतर. उजव्या हाताला पट्टी आहे, अक्षर लागलं नाही तर बर्टला वाचायला दे, त्याला ट्रकच्या पावत्या वाचायची सवय आहे.

त्या शनिवारी मी एल्कोला गेलो. आधी जाणार होतो, पण मेंढपाळांच्या खानावळीत जेवायला बसलो. तिथे लांब टेबलावर अनोळखी माणसांच्या मांडीला मांडी लावून बसवतात आणि सूप, शेंगा, मटण असं वाढतच राहतात, उठू देत नाहीत. ताई, मी जर पुडिंगसाठी थांबलो असतो तर हे पत्र निराळं झालं असतं. थांबलो नाही. का ते माहीत नाही, मी पुडिंग सोडणारा नाही.

परसात गेलो तर पिंप धुमसत होतं. व्हर्नेटाबाई चिमट्यात कोट धरून उभ्या. टॅन्सी पायरीवर हात मांडीवर ठेवून बसली होती, फोटो काढायला बसवतात तशी. रडत नव्हती. मला बघून हलली पण नाही. मी कोट ओळखला. कोपरावरचं ठिगळ मी शिवलं होतं, वाकडं, आणि कोरीन म्हणाली होती की हे ठिगळ आहे की तुझं गणित.

मी बाईंना म्हटलं, थांबा, हा माझ्या बहिणीचा आहे. त्या म्हणाल्या, माफ करा, मला वाटलं एखाद्या गड्याचा असेल. लगेच चिमटा खाली केला. मी कोट घेतला आणि त्यात तोंड खुपसलं. आरीचं तेल, तमालपत्र, आणि खिशात ती नेहमी ठेवायची त्या लवंगेच्या गोळ्या. मला वाटलं आता काहीतरी होईल. छाती फुटेल वगैरे. काही झालं नाही. मी तसाच उभा होतो. बाई म्हणाल्या, तुम्ही सरबत घेता का.

टॅन्सीला म्हटलं, मी हा नीट सांभाळतो, जाळू देत नाही. तिने मान डोलावली. मी तो छावणीवर आणला. रात्री उशाला घेतला.

तिसऱ्या दिवशी गाल चुरचुरायला लागला. मी, ताई! शर्टात पानं कोंबून फिरणारा मी! चौथ्या दिवशी फोड. डावा गाल, मान, दोन्ही हात आतून. मेंढपाळ हसून लोळला, म्हणाला या माळावर तू कुठल्या झुडपाशी लग्न केलंस? मी आरशात बघितलं आणि मला टॅन्सीचा चेहरा दिसला. अगदी तोच, त्याच जागी.

मग डॉक्टर काय म्हणाले होते ते तुझ्या पत्रात पुन्हा वाचलं. ही झाडांना मिठ्या मारते का.

तेल कोटावर आहे ग. कोरीनला कधी उठायचं नाही म्हणून तिने तो कधी धुतलाच नाही, वर्षानुवर्षांचं बसलंय. कपड्यावर ते मरत नाही, असं इथला एक जण म्हणाला, तो पूर्वी वणवा विझवायच्या टोळीत होता. आणि पिंपात टाकला असता तर त्याचा धूर पोरीच्या छातीत गेला असता, त्या धुराने त्याच्या टोळीतला एक जण दवाखान्यात गेला होता. हे ऐकून माझ्या हातातला कप पडला. बरं वाटलं. कप पडल्याचं मला कळलं, म्हणून.

दुसऱ्याच दिवशी एल्कोला गेलो. बाईंना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या आणि आपले हातमोजे एकेक बोट ओढून काढले, मग पुन्हा घातले. मग मी टॅन्सीशेजारी पायरीवर बसलो. दोघांचा डावा गाल सुजलेला, रस्त्याने जाणारे बघत होते. मी तिला समजावून सांगायला लागलो की त्या कोटावर ना, एक तेल असतं. ती म्हणाली, माहितेय.

म्हटलं, काय माहितेय?

तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो. आई कामावरून मला न्यायला मावशीकडे आली की मी पळत जायचे तर आई हात वर करायची आणि ओरडायची, कोट काढल्याशिवाय मिठी नाही! मग कोट पडवीतल्या खिळ्याला, मग साबणाने कोपरापर्यंत हात, मग मिठी. कोटावर तिपानी असते म्हणून. असं रोज.

ताई, तुलाही आठवत असेल. मला आठवलं. ते ओरडणं आपण सगळ्यांनी ऐकलंय.

मी म्हटलं, अग मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, तुम्ही धुतला असता.

मग तिने माझ्या गालाकडे बघून विचारलं, तुला खूप खाजतंय का? मला खाज चालते.

मी आता गप्प बसतो. खाजतंय खूप. फेब्रुवारीपासून मला एवढं काही जाणवलं नव्हतं.

कोट दुहेरी पिशवीत बांधून व्हर्नेटाबाईंच्या गॅरेजमध्ये ठेवलाय. धुवायला हवा, हे टॅन्सीलाही कळतं, पण तिला हो म्हणायला लावायचं माझ्याच्याने होत नाही. तू मोठी आहेस. सांग काय करायचं.
वेस


आल्डर फ्लॅट,
६ सप्टेंबर

चि. वेसला, अनेक आशीर्वाद. गालाला ओटचं पाणी लाव, आणि मोज्यासकट बसू नकोस.

तुझं पत्र वाचून मी पडवीत गेले. खिळा आहे तिथेच आहे. मी सहा महिने त्याच्यावर बर्टची टोपी अडकवतेय.

कोट धुवायचा असं मी व्हर्नेटाबाईंना फोनवर सांगितलं, आणि पोरीसमोर धुवायचा, लपवून नाही. त्या म्हणाल्या, मग तुमच्या दारात धुऊ, तिच्या आईच्या गावात. दोन दिवस गाडी हाकत स्वतः आल्या. मागच्या सीटवर टॅन्सी, डिकीत पिशवी. उतरल्या उतरल्या मला म्हणाल्या, माझं चुकलं. मी म्हटलं, माझ्या घरात चार महिने होता, मला वासही आला नाही. हिशेब तिथेच मिटवला.

अंगणात दोन टब मांडले. त्यांनी पांढरे हातमोजे काढून माझे रबरी घातले, ते त्यांना मोठे होत होते. पिवळा साबण की पांढरा, यावरून आमची जुंपली. बर्ट म्हणाला, दोन्ही लावा की बायांनो, आणि कोंबड्यांकडे निघून गेला.

टॅन्सी टबाजवळ उभी. मी तिला म्हटलं, बाळ, आता भिजवते. ती नाही म्हणाली नाही. फक्त विचारलं, सगळा?

वेस, तू म्हणतोस मी मोठी आहे, पण मी तिथे भांडं घेऊन उभ्या असलेल्या खांबासारखी उभी होते. व्हर्नेटाबाईंनीच विचारलं, मुरंब्याच्या बरण्या कुठे ठेवता? मी तळघराकडे बोट केलं. त्या एक रिकामी बरणी घेऊन आल्या, उन्हाकडे धरून काचेला तडा नाही ना ते बघितलं, झाकणाचं रबर दाबून बघितलं. मग माझ्या शिवणाच्या कात्रीने कोटाची कॉलर आतल्या अस्तरासकट कापली, बरणीत घातली, वरून एक लवंगेची गोळी, आणि झाकण पिरगाळून लावलं. बरणी बाहेरून साबणाने धुतली. टॅन्सीला म्हणाल्या, हे तुझं. झाकण मावशीसमोर उघडायचं, नाक लावायचं, बोट आत घालायचं नाही, लगेच बंद.

सवयीप्रमाणे बाईंनी बरणीला चिठ्ठीही डकवली. पीचच्या बरण्यांना लावतो तशीच. नाव आणि साल. ‘कोरीन, १९८१.’

बाकीचा कोट आम्ही तीन पाण्यांतून काढला. तिसऱ्या पाण्याला तो वाऱ्यावर हलला तेव्हा नुसता साबणाचा वास आला. कॉलर नसल्याने मानेशी उघडा दिसत होता. मी तो वाळत टाकला आणि मग टबाच्या काठावर बसले. किती वेळ बसले ते सांगता येणार नाही. व्हर्नेटाबाई रबरी हातमोजा तसाच माझ्या पाठीवर ठेवून उभ्या राहिल्या, पाठ ओली झाली. माझं तोंडही.

टॅन्सी इथेच राहते. बाईंनीच म्हटलं, माझं बोलणं झुडपावरून सुरू झालं होतं, झुडूप संपलं तर माझं बोलणंही संपलं. उन्हाळ्याची सुट्टी मात्र एल्कोला, त्यावर मी वाद घातला नाही. शाळा सुरू झाली. पोरीचा गाल स्वच्छ आहे, हात स्वच्छ आहेत. परवा मांजराला उचलून घेऊन बसली होती. मांजराने मला अजून माफ केलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. बाई निघताना टॅन्सीने त्यांना विचारलं, बरणीतलं किती दिवस टिकतं? बाईंनी विचार केला. खोटं बोलता येत नाही त्यांना. म्हणाल्या, पीच दोन वर्षं टिकतात. पण सारखं झाकण उघडलं तर लवकर संपतात.

तेव्हापासून तिने ती एकदाही उघडलेली नाही. शाळेतून आली की तळघरात जाते, फळीवरून बरणी काढते, दोन्ही हातांत धरते, आणि परत ठेवते. मग हात धुते, कोपरापर्यंत. मग वर येऊन माझ्यापुढे उभी राहते, आणि मी हातातलं काम खाली ठेवते.

खिळा रिकामा केलाय. तुझा कोट तिथे लावायचा असेल तर ये.
तुझी,
लोरीनताई